विमानाच्या पायाला तडा गेला तर

विमान उडते पंखांवर, परंतु जमिनीवर परतते ते पायांवर. चाके, त्यांचे दांडे, धक्का सोसणारे शॉकअप, ब्रेक आणि हे सारे धडाला जोडणारे बोल्ट मिळून जो सांगाडा होतो, त्याला लँडिंग गिअर म्हणतात. मोठमोठ्या प्रवासी विमानांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते. आज आम्ही दोन-चार माणसांच्या लहान विमानांविषयी लिहीत आहोत. वैमानिक होऊ पाहणारी मुले-मुली पहिले धडे गिरवतात ते याच विमानांवर. त्यांच्या पायात दोष निघाला तर तो कसा शोधतात, कसा दूर करतात आणि कोणाच्या सहीने करतात, हे आमच्या कामगार वाचकांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. हत्यार-पान्याचे हे काम आहे. आणि काम करणाऱ्याच्या शब्दाला वजन देणारा कायदाही त्याच्या पाठीशी आहे.

उदाहरणादाखल सेसना १७२ हे विमान घेऊ. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा शहरी असलेल्या सेसना कंपनीने ते १९५६ साली बाजारात आणले. आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली असून आपल्या देशातील वैमानिक प्रशिक्षणातही ती वापरली जातात. त्याच्या १७२ एस या मॉडेलचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ११५७ किलो. एवढा भार तीन चाकांवर येतो. ट्रकखालचे कमानपाटे आपण पाहिले असतील. मुख्य दोन चाकांना जुन्या १७२ मध्ये तसाच सपाट पोलादी पाटा असे. १९७१ च्या मॉडेलपासून नळीसारखा पोलादी दांडा आला. दोन्हींचे काम एकच: लवायचे आणि धक्का खायचा. पुढचे चाक मात्र शॉकअपवर असते. आत तेल आणि दाबाची हवा. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचाच हा भाऊबंद समजा. चाक आडवे फिरू नये म्हणून त्याला कात्रीसारखा दुहेरी सांधा असतो आणि चाकाची थरथर रोखणारा एक लहानसा दट्ट्याही असतो.

आता हे भाग बिघडतात कसे? लोखंडी तार हातात धरून एकाच जागी वीस वेळा वाकवा. पहिल्या वाकवण्याने काही होत नाही, पण शेवटी ती मोडते. धातू थकतो. शिकाऊ वैमानिक तासाभरात पाच-सहा वेळा धावपट्टीवर उतरतो आणि पुन्हा वर चढतो. नवशिकाच तो; कधी विमान आपटते, कधी पुढच्या चाकावरच येते. प्रत्येक वेळी पाय लवतो. त्यात पावसाळी हवेने कुठे गंज धरला असेल, तर गंजाच्या खड्ड्यातूनच भेग सुरू होते. ती केसाएवढी असते आणि रंगाखाली दडून बसते. विमान रोज व्यवस्थित उतरत असते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

म्हणून तपासणी वेळापत्रकाने होते, शंका येण्याची वाट पाहिली जात नाही. अमेरिकेच्या नियमानुसार प्रत्येक लहान खासगी विमानाची वर्षातून एकदा पूर्ण तपासणी व्हावी लागते. आणि पैसे घेऊन शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानाची त्याखेरीज दर १०० तासांच्या उड्डाणानंतर. मेकॅनिक विमान जॅकवर उचलतो, चाक हाताने हलवून सांध्यात ढिलाई आहे का पाहतो. बुश झिजले असतील तर चाक डुगडुगते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर तेल पाझरले आहे का, तेही पाहतो. विमान आपटल्याची नोंद असेल तर इंजिनामागचा पत्रा निरखतो, कारण पुढच्या चाकावर बसलेला मार तेथे सुरकुती होऊन दिसतो.

डोळ्यांना न दिसणारी भेग शोधण्याची युक्ती साधी आहे. भागावरचा रंग खरवडून तो स्वच्छ धुतात. मग पातळ लाल द्रव लावून काही वेळ मुरू देतात. वरचा द्रव पुसून त्यावर पांढरी भुकटी फवारतात. भेग असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. पोलादी भागासाठी दुसरी रीत आहे: त्यात चुंबकत्व भरून वर लोखंडाचा अगदी बारीक कीस सोडतात. भेगेच्या जागी कीस गोळा होतो.

काही दोष एकट्यादुकट्या विमानाचे नसतात, तर त्या जातीच्या सर्व विमानांत पुन्हा पुन्हा दिसतात. अशा वेळी अमेरिकेची एफएए ही सरकारी यंत्रणा सर्व मालकांना बंधनकारक आदेश काढते. उडताना चाके पोटात ओढून घेणाऱ्या पायपर कंपनीच्या अनेक मॉडेलांत, बाहेर आलेला पाय बाजूला मिटू नये म्हणून एक आधार असतो. तो आधार एका जाड पोलादी खुंटीवर टेकलेला असतो. या खुंटीला तडे जातात आणि उतरल्यावर पाय दुमडून विमान पोटावर बसते, असे आढळले. १९९५ साली आदेश निघाला: खुंटी सोडवून तपासा, तडा असेल तर उड्डाणापूर्वी बदला, नसेल तर दर ५०० तासांनी पुन्हा तपासा. सेसना २१० च्या १९६० च्या दशकातील मॉडेलांतही असेच झाले. त्यांचा पाय खोगिरासारख्या एका भागात बसतो. त्या खोगिराच्या तड्यांबाबत १९७६ साली आदेश निघाला.

तडा सापडला की कोणीतरी म्हणतोच, वेल्डिंग मारून चालवू. इथे ते चालत नाही. उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादी पाट्याला वेल्डिंग केले, तर त्या जागची ताकदच जाते. भाग नवाच घालावा लागतो, आणि तोही मंजूर झालेला. बाजारातला दिसायला तसाच बोल्ट चालत नाही. विमानाच्या नेहमीच्या पोलादी बोल्टाच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. भागासोबत प्रमाणपत्राचा कागद यावा लागतो. नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा, त्यासाठी माप दाखवणारा पाना असतो. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही, नवी घालायची. पिनेची किंमत ती काय, पण ती निसटली तर नट सुटतो आणि नट सुटला तर चाक.

काम करणाऱ्याच्या जिवालाही यात धोका आहे. शॉकअपमधला दाब पूर्ण सोडल्याशिवाय सांधा खोलला, तर आतला दांडा गोळीसारखा बाहेर येतो. चाकाची रिम दोन भागांची असते. टायरमधली हवा काढण्यापूर्वी तिचे बोल्ट सैल केले, तर ती फुटून तोंडावर येते. ट्रकच्या गॅरेजात काम करणाऱ्या आमच्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा सहीचा. अमेरिकेत स्वतःच्या विमानाचा टायर बदलणे, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरणे, शॉकअपमध्ये तेल-हवा भरणे एवढी कामे परवानाधारक वैमानिक स्वतः करू शकतो. पण तडा गेलेला पाय बदलून विमान पुन्हा उडण्यास योग्य असल्याची सही द्यायला परवानाधारक मेकॅनिकच लागतो. वार्षिक तपासणीत दोष निघाला, तर तपासनीस नोंदवहीत विमान उड्डाणास योग्य नाही असे लिहितो आणि दोषांची यादी सही-तारखेसह मालकाच्या हाती देतो. मग दोष दूर होईपर्यंत, खास परवानगीखेरीज, ते विमान उडवता येत नाही. मालक कितीही पैसेवाला असो, शिकणारे खोळंबले असोत, गेल्या वर्षी काही झाले नव्हते असे कोणी सांगो. आणि जो खोटी नोंद करील त्याचा परवाना जाऊ शकतो. म्हणजे कायद्याने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला, आणि त्या अधिकाराबरोबर जबाबदारीही बांधली.

आपल्या देशात विमानांच्या देखभालीचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. भौतिक, रसायन आणि गणित घेऊन बारावी झालेल्या मुला-मुलींना विमान देखभाल अभियंत्याच्या मूलभूत प्रशिक्षणाला जाता येते. संस्थेने शिकवले म्हणून परवाना मिळत नाही. डीजीसीएच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो. या शिक्षणाला खर्च बराच येतो. म्हणून पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, संस्थेला मान्यता आहे की नाही हे डीजीसीएच्या यादीत स्वतः पाहिल्याशिवाय फीचा एक पैसाही भरू नका. जाहिरातीतल्या विमानाच्या चित्राला भुलू नका. दागिने मोडून मुलांना शिकवणाऱ्या माउल्या आपल्या घरोघरी आहेत. त्यांचा पैसा वाया जाऊ नये.

ज्या घरात फिटर, टर्नर, गॅरेजवाला आहे, त्या घरच्या मुलांना पान्याची ओळख लहानपणापासून असते. तिला गणिताची आणि इंग्रजी पुस्तिका नीट वाचण्याची जोड द्या, कारण विमानाचा एकही नट पुस्तिका न वाचता आवळायचा नसतो. आणि मुलांना हेही शिकवा की, तडा दिसला तर तो दिसला असेच लिहायचे. आपण न पाहिलेला, न ओळखीचा कोणीतरी मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या दिवशी त्या विमानात एकटी बसणार असते. ती उतरेल तेव्हा तिच्याखाली आपण सही केलेला पाय असेल.