तिसऱ्या चाकाला झुकतं माप

तीनचाकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एक तर लहानपणी हॉलभर फिरवलेली ट्रायसिकल. नाहीतर ऐन पावसात नुसती मान हलवून निघून जाणारी रिक्षा. या दोन्हींच्या मधल्या वयातल्या, नोकरीबिकरी करणाऱ्या माणसाने 'मी तीनचाकी सायकल घेतोय' असं जाहीर केलं, तर ग्रुपमधून पहिला टोमणा ठरलेला, "का रे बाबा, बॅलन्स जात नाही का?"

गंमत अशी, की हा प्रश्न एकदम करेक्ट आहे. फक्त तो टोमणा म्हणून न मारता सिरियसली विचारायला हवा. कारण वळताना बाइकसारखी झुकणारी जी इलेक्ट्रिक तीनचाकी आहे, ती दिसायला सॉलिड असली तरी बॅलन्स जमणाऱ्यांसाठीच आहे. आणि तिसरं चाक बघून तिच्याकडे आशेने वळतात ते मात्र बॅलन्सची धास्ती असलेले!

झुकायचं कशाला?

आधी थोडा फिजिक्सचा तास. घाबरू नका, पाच मिनिटांत सुटी. सायकलवर वळताना आपण नकळत आतल्या बाजूला कलतो. साधी, ताठ तीनचाकी तशी कलू शकत नाही. त्यामुळे बाहेर ढकलणारा सगळा जोर तिला दोन चाकांमधल्या अंतरावरच पेलावा लागतो. वेग दुप्पट केला की हा जोर होतो चौपट. ताशी १८ किलोमीटरने ५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर तो आपल्या वजनाच्या साधारण निम्मा असतो. दुचाकी त्यासाठी सुमारे २७ अंश झुकते आणि विषय संपतो. उंच सीटची, अरुंद, ताठ तीनचाकी मात्र आतलं चाक उचलते. पुढचं सांगायला नकोच.

आता यात मोटर घाला. पायाने रेटताना जी गाडी कशीबशी ताशी दहाच्या पुढे जायची, ती मोटरमुळे आरामात वीसवर पोचते. म्हणजे वजन ओढायचं टेन्शन गेलं, पण वळणावरचं वाढलं. म्हणूनच मोटर आली तसं झुकणं जास्त गरजेचं झालं.

तसा हा फंडा नवा नाही. ब्रिटनमध्ये बीएसए कंपनीने १९७० साली 'एरियल ३' नावाची झुकणारी तीनचाकी मोपेड काढली. ती साफ आपटली. पण तिचे डिझायनर जॉर्ज वॉलिस यांच्या कल्पनेचं लायसन्स होंडाने घेतलं आणि त्यातून १९८०च्या दशकात जपानमध्ये 'जायरो' स्कूटर आल्या. मागची दोन चाकं रस्त्यावर सपाट आणि पुढचा भाग चालवणाऱ्यासकट झुकणारा. तिथे घरपोच पिझ्झा याच गाडीवरून यायचा. २०२१ मध्ये तिची बॅटरीवरची 'जायरो ई' आली. इटलीच्या पियाजियोने २००६ मध्ये पुढे दोन चाकं असलेली 'एमपी३' आणली. हीच पियाजियो आपल्या बारामतीत 'आपे' बनवते, ती मात्र अजिबात न झुकणारी. एकाच घरातली दोन भावंडं, स्वभाव अगदी उलटे.

कोपनहेगनची शाळा

या झाल्या स्कूटर. पेडल मारायची, मोटरची साथ असलेली झुकणारी तीनचाकी बघायची तर कोपनहेगनला जायला हवं. तिथे १९८४ पासून 'ख्रिस्तियानिया' नावाच्या, पुढे मोठी लाकडी पेटी असलेल्या तीनचाकी आहेत. पेटीत पोरं, किराणा, कधी कुत्रासुद्धा. वळताना अख्खी पेटी चाकांसकट फिरते, पण झुकत नाही. त्याच शहरातल्या 'बुचर्स अँड बायसिकल्स' कंपनीने मग पेटीसकट झुकणारी तीनचाकी काढली आणि तिला मोटरही बसवली. युरोपातल्या नियमानुसार मोटर २५० वॉटपर्यंत, पेडल मारलं तरच चालणारी आणि ताशी २५ किलोमीटरला साथ सोडणारी असेल, तर ती कायद्याने सायकलच. लायसन्स नको, नंबर प्लेट नको.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण नोकरीसाठी तिथे गेली. पुण्यात दहा वर्षं स्कूटी पळवलेली बाई. लेकीला पाळणाघरात सोडायचं म्हणून तिने आधी ताठ पेटीवाली भाड्याने घेतली. पहिल्याच वळणावर सवयीने अंग आत टाकलं, तर गाडी सरळच निघाली. कारण ताठ तीनचाकी अंगाने वळत नाही, हँडलनेच वळवावी लागते. दुसऱ्या वळणावर आतलं चाक हवेत. लेक पेटीत टाळ्या वाजवतेय आणि आईचा जीव घशाशी! आठवडाभरात तिने ती परत दिली आणि कर्ज काढून झुकणारी इलेक्ट्रिक घेतली. "अगं, स्कूटीच वाटते, फक्त पुढे लेक बसलेली दिसते," असा तिचा रिपोर्ट.

इथवर जाहिरातच झाली. पण उन्हाळ्यात तिची आई तीन महिन्यांसाठी तिकडे गेली. काकूंनी एके काळी पुण्यात सायकलवरून कॉलेज केलेलं. गेली काही वर्षं मात्र कानाच्या दुखण्याने चक्कर येते, म्हणून सायकल बंद. लेकीची गाडी बघून त्यांना वाटलं, तीन चाकं आहेत, पडतेय कशाला? बिल्डिंगच्या अंगणात बसल्या. चालती होती तोवर मस्त. थांबल्या आणि गाडी हळूच एका बाजूला कलली. पाय टेकला म्हणून निभावलं. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त उतरल्या आणि वर निघून गेल्या. मैत्रीण सांगत होती, आई पडली नाही, पण तिचं ते गप्प बसणं पडण्यापेक्षा जास्त लागलं.

चूक काकूंची नव्हती. झुकणाऱ्या गाडीचा सांधा मोकळा असतो. म्हणूनच ती वळणावर कलते आणि म्हणूनच थांबल्यावरही कलते. एमपी३ला थांबताना झुकणं रोखणारं इलेक्ट्रिक लॉक आहे. २०१४ साली आलेल्या यामाहाच्या पहिल्या 'ट्रायसिटी'ला तसं लॉक नव्हतं, सिग्नलला पाय टेकावाच लागायचा. पेडलवाल्यांमध्येही दोन्ही प्रकार आहेत.

मग मैत्रिणीने काकूंसाठी बुटक्या सीटची, ताठ तीनचाकी भाड्याने आणली. मोटरचा जोर सगळ्यात कमी ठेवला. काकू चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने जायच्या, वळणाआधी ब्रेक, मग वळण. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून ब्रेड आणायला लागल्या. कुणाला सोबत न घेता.

एकाच घरात दोघींना तीन चाकंच हवी होती, पण उलट कारणांसाठी. त्यामुळे घेण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, मला भीती कसली वाटते? थांबताना पडायची, की वळताना उलटायची? थांबण्याची भीती असेल तर ताठ आणि स्लो. वळणाची असेल आणि दुचाकीचा हात असेल, तर झुकणारी. कधीच सायकल शिकला नसाल, तर ताठ गाडी एका दुपारी जमेल. झुकणारी सायकलइतकीच शिकावी लागेल.

दुकानात काय बघाल?

• टिल्ट-लॉक आहे का, आणि ते सीटवर बसल्या बसल्या लागतं का? खाली उतरून लावायचं असेल तर सिग्नलला त्याचा उपयोग शून्य.

• गाडी किती अंशांपर्यंत झुकते? ती मर्यादा आली की झुकणारी गाडीही ताठ होते आणि बाहेर ढकलू लागते.

• दोन चाकं पुढे की मागे? पुढे असतील तर वळणात ब्रेक मारताना गाडी जास्त शहाण्यासारखी वागते.

• बॅटरी काढून घरात नेता येते का? गाडी जिना चढणार नाही, हे नक्की.

• रुंदी मोजा. सोसायटीचं गेट, पार्किंग, लिफ्ट, सगळीकडे टेप लावा.

• आपल्याकडे घेताय, तर रजिस्ट्रेशनचं काय ते आरटीओत आधी विचारा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

आणि चालवताना?

पहिला रविवार मोकळ्या मैदानासाठी ठेवा. रिकामी गाडी, मोटर बंद, आठचा आकडा काढा. मग थांबायची प्रॅक्टिस करा, किमान वीस वेळा. त्यानंतर मोटर, आणि सगळ्यात शेवटी सामान किंवा पोर. बाइकवरून आपण खड्डा चुकवतो तो एका रेषेत. इथे रेषा तीन आहेत. मधल्या चाकाने चुकवलेला खड्डा बाजूचं चाक पकडतंच, त्यामुळे वेग कमी करणं हाच खरा उपाय. उताराला आडवी गाडी थांबवू नका. आणि लॉक लावून वळण कधीच घेऊ नका, कारण त्या क्षणी तुमची महागडी गाडी पुन्हा ताठ झालेली असते.

बाकी ग्रुपमधल्या टोमण्याचं म्हणाल तर, "बॅलन्स जात नाही का?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असायला हवं. जमत असेल तर झुकणारी घ्या, जमत नसेल तर ताठ घ्या, दोन्हीत लाजण्यासारखं काही नाही. आणि घरात कुणी 'आता माझं वय झालं' म्हणून सायकल सोडली असेल, तर त्यांनाही एकदा विचारा, नक्की भीती कसली वाटते? उत्तर कळलं की कुठली गाडी ते दुकानदाराला विचारायची गरज नाही.