एका पायावर

या महिन्याचा विषय ऐकून शिक्षकखोलीतल्या एका सहकाऱ्याने विचारले, "सर, आपल्या मासिकात दारूबद्दल? आपल्या घरांत ती येते कुठे?" प्रश्न प्रामाणिक होता. आमचे उत्तर एवढेच, की ती घरात येत नाही म्हणूनच घराबाहेर कुणी प्यायलेले असले की सांगायला तोंड उरत नाही. गेल्या हिवाळ्यात हे आम्ही जवळून पाहिले.

आमच्या गावाबाहेर बाह्यवळण रस्त्याचा एक तुकडा तयार होऊन पडला होता, वाहतूक सुरू झाली नव्हती. गुळगुळीत डांबर आणि थोडा उतार. पोरांना आणखी काय हवे? संध्याकाळी तिथे स्केटिंग चाले. आम्हीही दोनदा बघत उभे राहिलो होतो. त्यात आमचा एक जुना विद्यार्थी असे, वय 19. सातवीत असताना त्याने आमच्याच पटांगणावर पहिल्यांदा स्केट्स बांधले, तेव्हा आम्हीच त्याचा दंड धरून दोन फेऱ्या मारल्या होत्या. पुढे तो सफाईदार शिकला. त्या रात्री चौघे होते, दोघांनी बिअर घेतली होती. उतारावर तो मागच्या मागे पडला, डोके आपटले. लगेच उठून बसला, हसला, "काही नाही झालं" म्हणाला. अर्ध्या तासाने त्याला झोप येऊ लागली. मित्रांना वाटले, चढली आहे, सकाळपर्यंत उतरेल. त्याचे अब्बा मशिदीच्या कमिटीत. अशा अवस्थेत घरी नेले तर काय होईल, या धास्तीने त्याला एका मित्राच्या गच्चीवर निजवले. फजरच्या वेळी हलवून पाहिले, तर तो उठेना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कधी पडला?" पोरे म्हणाली, "आत्ताच, न्हाणीघरात." खरी वेळ बाहेर यायला आणखी अर्धा तास गेला. मोठ्या शहरात नेऊन डोक्यातली रक्ताची गाठ काढली. मुलगा वाचला. आज तो अब्बांच्या दुकानात बसतो, आम्हाला ओळखतो. उजव्या हाताने सही जमत नाही, आणि चहा घेतला का, हे पाच मिनिटांत दोनदा विचारतो.

अशी चूक चांगल्या घरातली पोरे का करतात? एक कारण असे, की त्यांच्या मते ते काही धोक्याचे करतच नव्हते. त्यातल्या एकाने आम्हाला ऐकवले, "सर, आम्ही गाडी थोडीच चालवत होतो? पिऊन मोटरसायकल चालवणं गुन्हा आहे, स्केट्स नाही."

यात अर्धे खरे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण ते मोटार वाहनांपुरते. पायाच्या जोरावर चालणारे स्केट्स मोटार वाहन नव्हेत. (बॅटरीवरच्या फळ्या हल्ली दिसतात, त्यांचे गणित शक्ती आणि वेग यांवर ठरते, तिथे "आमचं वाहन नाही" असे कुणी छातीठोकपणे म्हणू नये.)

पण एक कलम लागू नाही म्हणजे रान मोकळे, असे नाही. दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन करून कुणाला त्रास दिला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 355 आहे: 24 तासांपर्यंत साधी कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा समाजसेवा. ही शिक्षा किरकोळ वाटेल. पण उतारावरून येताना कुणा म्हाताऱ्या माणसाला धडक बसली तर कलम 125 लागू शकते. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा निष्काळजीपणा, आणि त्यात गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद. माणूस दगावला तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत. या कलमांना तुमच्या पायाखाली इंजिन होते की चाके, याच्याशी देणेघेणे नाही. शिवाय महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि नशेत सार्वजनिक जागी दंगा करणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. बिअरला 21 वर्षे पूर्ण लागतात, कडक दारूला 25. म्हणजे आमच्या 19 वर्षांच्या पोराच्या बाबतीत कायदा स्केट्स बांधण्याआधीच मोडला होता.

आणि मोठ्या भावांनी, चुलत-मामेभावांनी हे नीट ऐकावे: 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्याचे कलम 77 आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. "त्यानंच मागितली" ही सबब तिथे चालत नाही.

कायद्याचा शब्द किती ताणला जातो याची इंग्लंडमधली एक गोष्ट आम्ही वर्गात सांगतो. तिथे 1872 चा एक कायदा आहे. नशेत असताना गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असेल तर गुन्हा. 1950 च्या सुमारास एक दारुडा सायकल हाताने ढकलत चालला होता, तिच्यावर बसलाही नव्हता. सायकल ही या कायद्यातली "गाडी" होते का, यावर खटला वरच्या न्यायालयात गेला आणि न्यायमूर्तींनी होते असे ठरवले. मुले हसतात. मग एखादा विचारतो, "सर, मग स्केट्सपण?" आम्ही म्हणतो, वकील होऊन तूच सांग.

शरीराच्या बाबतीत मात्र एवढा वाद नाही. अमेरिकेत पोलिसांना एखादा चालक प्यायल्याचा संशय आला तर रस्त्यावरच तीन चाचण्या घेतात. डोळ्यांसमोर वस्तू फिरवून बुबुळे थरथरतात का पाहतात; सरळ रेषेत टाचेला पंजा लावून नऊ पावले जायला आणि वळून परत यायला सांगतात; आणि एक पाय उचलून उभे करतात. प्यायलेल्याला हेच जमत नाही, म्हणून या चाचण्या. आता स्केटिंग म्हणजे काय ते पाहा. प्रत्येक ढकलीला वजन एका पायावर. वळताना एका कडेवर. एका रांगेत चाके असलेल्या स्केट्सना टाचेमागे रबरी ठोकळा असतो. थांबायचे तर तो पाय पुढे सरकवून पंजा वर उचलायचा आणि तोल दुसऱ्या पायावर सांभाळायचा. पोलीस जे एकदा करायला लावतो, ते इथे दर क्षणाला करावे लागते, तेही वेगात.

तोल जातो तो कानातून. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्यांत जेलीसारखा एक पडदा असतो. दारू आधी त्या पडद्यात शिरते, द्रवात नंतर; पडदा हलका होतो आणि माणूस स्थिर असला तरी फिरतो आहे असे मेंदूला कळते. त्यात लहान मेंदूचे काम मंदावते. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारा मुलगा सेकंदाला साडेपाच मीटर कापतो. खड्डा दिसल्यावर पाय हलायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर पावणेतीन मीटर आधीच निघून गेलेले असतात. पडताना हात पुढे येण्याची जी उपजत सवय असते तीही उशिरा जागी होते. मनगट मोडणे वाईटच, पण हात टेकले नाहीत की डोके टेकते.

लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यांनी काही उतरत नाही. रक्तातली दारू यकृत आपल्या गतीने काढते, साधारण तासाला 15 ते 20 मिलिग्रॅम. रात्री 11 वाजता 100 असेल तर ती 30 च्या खाली यायला अडीच ते पावणेचार वाजतात.

सर्वांत मोठा घात मात्र पडल्यानंतर होतो. डोक्याच्या आत रक्तस्राव होत असेल तर माणूस आधी शुद्धीवर येऊ शकतो, बोलतो, हसतो, आणि मग हळूहळू बुडत जातो. शब्द जड होतात, उलटी होते, झोप येते. दारूचीही लक्षणे हीच. डॉक्टरांचीही यात फसगत होऊ शकते, म्हणून त्यांना "प्यायला आहे आणि डोक्यावर पडला आहे" ही दोन्ही वाक्ये एकत्र ऐकायची असतात. एक लपवले तर दुसऱ्याचा अर्थ बदलतो. पोलिसांच्या भीतीने थांबू नये. जखमीवर आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे. अपघात विम्याचे पैसे नशेत झालेल्या इजेला बहुधा मिळत नाहीत, हे खरे. पण तो हिशेब नंतरचा.

त्या मुलाच्या अम्मी आम्हाला म्हणाल्या, "सर, यांनी मारलं असतं, पण रात्री अकरा वाजता मारलं असतं." अब्बा शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. कमिटीतून त्यांनी स्वतः नाव काढून घेतले. आम्हाला ते पटले नाही, तसे त्यांना सांगितलेही.

आता आम्ही आठवीपासून पुढच्या वर्गांत वहीच्या मागच्या पानावर 108 हा आकडा लिहून घेतो आणि खाली मुलांच्या शब्दांत काही ओळी: पडलेल्याला गदागदा हलवू नये, मान वाकवू नये. उलटी होत असेल तर दोघा-तिघांनी मान, पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. एक बाहुली मोठी दिसली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आले, झटका आला, किंवा हाक मारून उठेना, तर सकाळची वाट पाहू नये. एका मुलाने हात वर केला. "सर, तो प्यायलेला असला तरी गाडी येते का?"

येते, म्हणालो. फोनवर आधी जागा सांगायची, मग किती वाजता पडला, मग काय प्यायला. त्याने तेही त्याच क्रमाने लिहून घेतले.