बेचाळिसाव्या दिवशी बाळाची छाती कोण तपासणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

महागावहून लिहिते आहे. दिलेल्या अर्जांवर पोचेचे शिक्के मिळाले, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर विचारते.

माझा नातू दोन घोट प्यायचा आणि दमून सोडून द्यायचा. कपाळ घामाने ओलं, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडायचा. न्यूमोनिया म्हणून औषधं झाली, पुन्हा तीच झाली. कुणीतरी छाती नीट ऐकली तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठा छेद निघाला.

हजार जन्मांमागे 8 ते 10 बाळांना जन्मजात हृदयदोष असतो, आणि त्यात हाच छेद सर्वाधिक आढळतो. लहान छेद पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्या छेदातून मात्र डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांवर लोटतं. जन्मतः फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे हा लोट अडून राहतो. बाळ निळं पडत नाही, छातीत वेगळा आवाजही बरेचदा येत नाही. दाब उतरला की महिना-दीड महिन्यात धाप सुरू होते.

आता तुमचं वेळापत्रक पाहा. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. त्यानंतर थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे दुखणं डोकं वर काढतं तेव्हाच फेऱ्या थांबतात! त्याच सुमारास दीड महिन्याची लस असते. बाळ आपण होऊन तुमच्या दारी येतं आणि सुई घेऊन परत जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, जन्मजात हृदयरोग त्याच्या यादीत आहे. पण पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदाच येणार. तान्ह्या बाळाने तोवर काय करायचं?

महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया मोफत होते, हे खरंच मोठं काम आहे. पण उशीर झाला की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात, प्रवाह उलटा फिरतो, आणि मग छेद बुजवणंच जिवावर बेततं. त्या वेळी मोफत कार्ड घेऊन आईबापांनी कुठे जायचं? डॉ. लिलेहाय यांनी मिनेसोटात हा छेद 1954 साली बंद केला होता. आम्ही आज नुसती छाती तपासा म्हणून अर्ज करतो आहोत.

दीड महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरने प्रत्येक बाळाचं हृदय ऐकलंच पाहिजे. पिताना घाम येतो का, हे आशाताईने विचारलंच पाहिजे. पुसदला ठरलेल्या दिवशी लहान मुलांचा टू-डी इको व्हावा आणि पुढे पाठवलेल्या बाळाला गाडी व तारीख लेखी मिळावी. हे कधीपासून सुरू करणार, ते तारखेसह कळवा.

एक आजी,
महागाव, जि. यवतमाळ