तीस मुलें आणि सरकारी काटकसर

मुळशी तालुक्यांतील एका विद्यालयाचे शिक्षक लिहितात : “माझ्या वर्गांत अकरावीचे तीस विद्यार्थी आहेत. सरकारनें खर्च कोठें कमी केला आणि त्याची झळ आमच्या तालुक्यास कितपत लागली, याचा शोध त्यांच्याकडून करवून घ्यावा असें मनांत आहे. परंतु तीस निबंध आणि तीसही निबंधांत सरकारच्या नांवानें खडे, एवढेंच हातीं लागूं नये. मांडणी कशी करावी ?”

प्रश्न मार्मिक आहे. पहिली अडचण अशी कीं, ‘कपात’ हा शब्द सरकारी कागदांत क्वचितच सांपडतो. ४ मे २०२० चा राज्याच्या वित्त विभागाचा निर्णय हा त्यांतला ठळक अपवाद. टाळेबंदीनें महसूल आटला, तेव्हां त्या वर्षीं अर्थसंकल्पांत ठेवलेल्या निधीपैकीं केवळ ३३ टक्केच योजनांसाठीं मिळेल, असें खात्यांना उघड कळविण्यांत आलें. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्नपुरवठा आणि मदत व पुनर्वसन या खात्यांना मात्र अग्रक्रम देण्यांत आला. एरव्हीं कपात ही आंकड्यांच्या रकान्यांतून हुडकून काढावी लागते. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे ते तीन आंकडे होत. मार्चमध्यें ज्या रकमेची घोषणा होते ती पहिली. खरोखर किती पैसा खर्च झाला तें तिसऱ्यांत दिसतें, आणि तो आंकडा दोन वर्षांनंतरच्या पुस्तकांत छापलेला असतो. २०२०-२१ चा प्रत्यक्ष खर्च पाहावयाचा तर २०२२-२३ चें पुस्तक उघडलें पाहिजे. एवढी एक गोष्ट वर्गास पटली म्हणजे निम्मे निबंध आपोआप गळून पडतील.

दुसरी सूचना महागाईची. गेल्या वर्षीं एखाद्या बाबीवर १०० रुपये होते व यंदा १०३ आहेत, म्हणून ती वाढ समजावयाची काय ? बाजारभाव शेंकडा ६ नीं चढले असतील, तर ती सुमारें ३ टक्क्यांची कपातच होय. महिन्याची वाण्याची यादी करणाऱ्या गृहिणीस हें समजावून सांगावें लागत नाहीं; अकरावीच्या विद्यार्थ्यास बहुधा लागतें.

आतां कामाच्या वांटणीविषयीं. तीन-तीन मुलांचे दहा गट करावे व प्रत्येक गटास एकच बाब द्यावी : प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्रें, रस्ते, नळपाणी, अंगणवाड्या वगैरे. गटांतील एकानें राज्याचीं पुस्तकें वाचावीं. त्यांत तालुक्याचा निराळा आंकडा मिळणार नाहीं. म्हणून दुसऱ्यानें जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषद आणि पौडची पंचायत समिती यांचे कागद पाहावे. तिसऱ्यानें गांवीं जाऊन डोळ्यांनीं पाहावें व मोजावें. प्रत्येक आंकडा स्वतंत्र पत्रकावर उतरावा. त्याखालीं पुस्तकाचें नांव, पान, उतरल्याची तारीख आणि उतरणाऱ्याचें व पडताळणाऱ्याचें नांव असावें. पडताळणारा दुसऱ्या गटांतला असावा, हें विशेष महत्त्वाचें. मित्र मित्राची चूक पाहत नाहीं.

हें काम रूक्ष वाटेल खरें, परंतु याच रूक्षतेंतून आपल्याकडील एक मोठी परंपरा निर्माण झाली. गोपाळ कृष्ण गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयांतले शिक्षक. ज्यांच्या साहाय्यानें त्यांनीं आंकड्यांचा मेळ घातला ते गणेश व्यंकटेश जोशी हेहि शिक्षकी पेशांतलेच. २६ मार्च १९०२ रोजीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत गोखल्यांनीं दाखवून दिलें कीं, सरकारची शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे. रुपयाचा कृत्रिमपणें चढविलेला भाव व चढे कर हीं तिचीं कारणें होत. सरकारच्याच आंकड्यांनीं सरकारला उत्तर दिलें गेलें. मणामागें अडीच रुपये असलेला मिठावरील कर १९०३ पासून उतरूं लागला व १९०७ मध्यें एक रुपयावर आला.

मुळशीपुरतें बोलावयाचें तर शाळांचा गट सर्वांत कसोटीचा. डिसेंबर २०१७ मध्यें दहांहून कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करून मुलें जवळच्या शाळांत हलविण्याचें शासनानें ठरविलें. पुढें २०२३ मध्यें वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा काढण्याची कल्पना निघाली आणि पुणें जिल्ह्यांतलें पानशेत नमुना म्हणून पुढें आलें. या दोन्ही वेळीं कारण दिलें तें शिक्षणाच्या दर्जाचें, काटकसरीचें नव्हे. तें कारण अगदींच पोकळ नाहीं. पांच मुलांच्या शाळेंत बरोबरीचा सोबती कोठून मिळणार ? परंतु पांचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी हा नियम आहे, आणि धरणाच्या पाण्यापलीकडील वाडीचें किंवा ताम्हिणीकडील धनगरवाड्याचें अंतर नकाशावर मोजून भागत नाहीं. जुलईच्या पावसांत सहा वर्षांच्या मुलाच्या पावलांनीं तें मोजलें पाहिजे. शिवाय हिंजवडीहि याच तालुक्यांत आहे. तेथील शाळांचा पट आणि घाटमाथ्यावरील वाडीचा पट यांची सरासरी काढली, तर सारें कांहीं ठीक चाललें आहे असें दिसेल. यास्तव सरासरी काढूंच नये. गांवांचीं नांवें लिहून पट शेजारीं शेजारीं मांडावे. पट कां घटला, घरें पिरंगुटकडे गेलीं म्हणून कीं शिक्षक आला नाहीं म्हणून, हें पालकांना आणि शिक्षकांना, दोघांनाहि विचारावें.

राहिला वेळेचा प्रश्न. जूनमध्यें आरंभ करावा. जो कागद मिळत नाहीं त्यासाठीं २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें लागलीच अर्ज टाकावा. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांच्या वतीनें शिक्षकांनींच सही करणें बरें. उत्तरास ३० दिवसांची मुदत असते. पुरवणी मागण्या पावसाळी अधिवेशनांत व पुढें डिसेंबरांत नागपुरास येतात. त्यांत आपल्या बाबीची रक्कम वाढली कीं नाहीं, तें प्रत्येक गटानें पाहावें. पत्रकांचा पहिला गठ्ठा दिवाळीपूर्वीं आमच्याकडे पाठविल्यास पडताळणीस आम्हीहि हात लावूं.