चीनची सरकारी शिष्यवृत्ती : संधी खरी आहे, पण टोकन भरण्याआधी हिशेब करा

गेल्या रविवारी मारुंजीत एका ओळखीच्या घरी चहाला बसलो होतो. घरातले अब्बा हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये कंपनीची गाडी चालवतात. मोठी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, धाकटा मुलगा बारावी सायन्सला. बोलता बोलता त्यांनी मोबाईल पुढे केला. "भाईजान, हे जरा वाचा. खरं असेल का?"

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता: चायना गव्हर्नमेंटची शंभर टक्के स्कॉलरशिप, एमबीबीएसची सीट, जागा मोजक्याच, पन्नास हजार टोकन आजच भरा. मुलाला डॉक्टर करायचं घरातल्या सगळ्यांचंच स्वप्न. पैसे जमवायची तयारी सुरू झाली होती, अम्मींनी दागिन्यांचा विषयही काढला होता.

असे मेसेज आज आपल्या समाजातल्या शेकडो घरांत फिरत आहेत. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा. चीनची सरकारी शिष्यवृत्ती ही थाप नाही. ती खरी आहे आणि चांगली आहे. पण मेसेजमध्ये जे विकलं जातं ते बहुतेक वेळा ही शिष्यवृत्ती नसतं.

शिष्यवृत्ती नेमकी काय आहे?

चीन सरकार परदेशी विद्यार्थ्यांना 'चायनीज गव्हर्नमेंट स्कॉलरशिप' देतं. तिचा कारभार चायना स्कॉलरशिप कौन्सिल, म्हणजे सीएससी, ही संस्था बघते. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणाची फी माफ होते, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहण्याची सोय होते, वैद्यकीय विमा मिळतो आणि दरमहा हातखर्चाला पैसे मिळतात. पदवीसाठी महिन्याला २,५०० युआन, मास्टर्ससाठी ३,००० आणि पीएचडीसाठी ३,५०० युआन. एक युआन साधारण बारा रुपयांचा धरला तरी मास्टर्सच्या विद्यार्थ्याला महिन्याला सुमारे ३६ हजार रुपये होतात. वसतिगृहात राहून, कॅन्टीनमध्ये जेवून एवढ्यात नीट भागतं. विमानाचं भाडं, पासपोर्ट, व्हिसा आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च मात्र सहसा स्वतःलाच करावा लागतो.

वयाची अटही आहे. पदवीसाठी २५ च्या आत, मास्टर्ससाठी ३५ च्या आत आणि पीएचडीसाठी ४० च्या आत. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ही शिष्यवृत्ती एकदा मिळाली की संपलं, असं नाही. दरवर्षी अभ्यास, हजेरी आणि वागणूक यांचा आढावा घेतला जातो. त्यात मागे पडलात तर पैसे थांबू शकतात.

डॉक्टरकीचं गणित इथेच फसतं

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. चीन सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीवर पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यास चिनी भाषेतून करावा लागतो. भाषा येत नसेल तर आधी एक-दोन वर्षं फक्त भाषा शिकायची, मग मुख्य अभ्यासक्रम.

दुसरीकडे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम काय सांगतात? परदेशातली एमबीबीएस भारतात चालायची असेल तर अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिक्षण इंग्रजी माध्यमातून हवं, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या देशातही डॉक्टर म्हणून काम करण्याची पात्रता हवी. त्याशिवाय जाण्याआधी नीट पास आणि परत आल्यावर इथली परवाना परीक्षा पास.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. शिष्यवृत्ती म्हणते चिनीतून शिका, आपला आयोग म्हणतो इंग्रजीतून शिका. म्हणजे पूर्ण सरकारी शिष्यवृत्ती आणि भारतात चालणारी एमबीबीएस या दोन गोष्टी एका पदरात पडणं जवळपास अशक्य आहे. मग एजंट 'स्कॉलरशिप' म्हणून काय विकतो? बहुतेक वेळा एखाद्या विद्यापीठाची पहिल्या वर्षाच्या फीमधली सवलत. बाकीच्या वर्षांची फी, वसतिगृह, जेवण सगळं आपल्याच खिशातून.

आणि पुढे काय होतं? बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये पालकांसाठी सूचना काढली. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ विद्यार्थ्यांनी भारतातली परवाना परीक्षा दिली, त्यात पास झाले फक्त ६,३८७. म्हणजे शंभरातले सोळा. उरलेले चौऱ्याऐंशी हुशार नव्हते असं कोणी म्हणत नाही. पण त्यांच्या आईबापांनी जमीन विकली, दागिने मोडले, आणि हातात आली ती इथे न चालणारी डिग्री.

मग ही शिष्यवृत्ती कोणासाठी चांगली?

मास्टर्स आणि पीएचडीसाठी. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, मटेरियल्स, शेती, पर्यावरण अशा विषयांत चीनच्या अनेक विद्यापीठांत हे अभ्यासक्रम इंग्रजीतूनही असतात. शिंघुआ, पेकिंग, झेजियांग ही नावं आज जगातल्या मोठ्या विद्यापीठांमध्ये घेतली जातात. आणि चिनी भाषा शिकायची असेल तर तिच्यासाठीही शिष्यवृत्ती आहे.

भाषा शिकून काय मिळणार, असं कोणी विचारेल. पुण्याच्या आसपासच बघा. रांजणगावला हायरचा कारखाना आहे, चाकणला सॅनीचा. आपल्याकडचे कितीतरी छोटे उद्योजक यंत्रं आणि सुटे भाग चीनमधून मागवतात. चिनी बोलणारा, वाचणारा, करार समजणारा माणूस इथे सहज मिळत नाही.

याला जुना दाखलाही आहे. पुण्याचे वसंत परांजपे १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले. पुढे ते परराष्ट्र सेवेत आले आणि १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषी होते. त्याआधी १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची कहाणी पुस्तकातून जगापुढे आणली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. मराठी माणसाला चीनची वाट नवीन नाही.

अर्ज कसा करायचा?

दोन रस्ते आहेत. पहिला सरकारी: दोन देशांमधल्या करारानुसार, भारताच्या शिक्षण मंत्रालयामार्फत किंवा चिनी दूतावासामार्फत. मंत्रालयाच्या साइटवर परदेशी शिष्यवृत्त्यांचा विभाग आहे, तिथे जाहिरात आली आहे का ते बघत राहायचं. दुसरा रस्ता थेट विद्यापीठाकडे. तिथलं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आपलं नाव सीएससीकडे पाठवतं.

दोन्हीकडे सीएससीच्या पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. सीएससी फॉर्मसाठी पैसे घेत नाही. काही विद्यापीठं अर्जाची फी घेतात, पण ती त्यांच्या साइटवर लिहिलेली असते. अर्जाचा हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं असेल तर कागदपत्रांची तयारी या पावसाळ्यातच सुरू करायला हवी.

लागणारे कागद असे: पासपोर्ट, शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आणि सगळ्या गुणपत्रिका (नोटरी केलेल्या), दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं, अभ्यासाचा आराखडा, परदेशी व्यक्तींसाठीचा वैद्यकीय तपासणी फॉर्म, पोलीस क्लिअरन्स आणि भाषेचा पुरावा. चिनी माध्यम असेल तर एचएसके, इंग्रजी असेल तर आयईएलटीएस किंवा टोफेल. पदवीच्या अर्जदारांसाठी आता सीएससीए नावाची प्रवेश परीक्षाही आली आहे. पीएचडीसाठी आधीच एखाद्या प्राध्यापकाशी ईमेलवर बोलून त्यांचं संमतीपत्र मिळवलं तर अर्ज बराच भक्कम होतो. आराखडा इंटरनेटवरून उचलू नका. तुम्हाला काय शिकायचंय, तिथेच का, आणि परत येऊन काय करणार, हे तुमच्या शब्दांत लिहा.

आपल्या समाजात एक अडचण हमखास येते, ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. कुठे 'शेख' पुढे, कुठे मागे. मोहम्मदची चार स्पेलिंगं. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. पोर्टलला हे चालत नाही. म्हणून सगळ्यात आधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि नाव एकसारखं करून घ्या. गॅझेट, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते आत्ता करा. शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

निवड झाली की विद्यापीठाकडून प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू २०१ नावाचा फॉर्म येतो. त्यावर एक्स-१ व्हिसा मिळतो. तिथे पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. जेडब्ल्यू २०१ हा सरकारी शिष्यवृत्तीचा फॉर्म आहे, स्वखर्चाने जाणाऱ्याला २०२ क्रमांकाचा येतो. एजंट 'फुल स्कॉलरशिप' म्हणत असेल आणि कागदावर २०२ लिहिलं असेल, तर काय समजायचं ते समजा.

दोन देशांच्या भांडणात विद्यार्थी

धोका फक्त एजंटचा नाही. २०२० मध्ये कोरोना आला, जूनमध्ये गलवान घडलं, आणि चीनने परदेशी विद्यार्थ्यांसाठी दरवाजे बंद केले. सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी दोन वर्षांहून जास्त काळ घरी बसून मोबाईलवर शिकत होते. मार्च २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं की पूर्वपरवानगीशिवाय फक्त ऑनलाइन केलेली डिग्री आम्ही मान्य करत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाले. थेट विमानं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये परत उडाली.

आज हवा निवळली आहे. पण ती पुन्हा बिघडणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून चार-पाच वर्षांच्या कोर्सपेक्षा दोन-तीन वर्षांचं मास्टर्स हा कमी जोखमीचा सौदा आहे. आणि डिग्रीची भारतातली समकक्षता आधीच तपासा. एप्रिल २०२५ पासून त्यासाठी यूजीसीचे नवे नियम लागू आहेत. वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर या डिग्र्या मात्र आपापल्या परिषदेच्या नियमांवर चालतात.

दीन, जेवण आणि मनातला प्रश्न

प्रत्येक अम्मीचा पहिला प्रश्न असतो: खाणार काय, नमाज कुठे पढणार? चीनमध्ये हुई मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. बीजिंगची न्यूजिए मशीद, शीआनची मोठी मशीद, ग्वांगझूची हुआईशेंग मशीद शेकडो वर्षांच्या आहेत. अनेक विद्यापीठांत हलाल कॅन्टीन असतं. 'चिंगझन' अशी पाटी दिसली की ते हलाल. पण कॅम्पसवर धार्मिक कार्यक्रमाला परवानगी नसते. सामूहिक नमाज फक्त सरकारमान्य ठिकाणी. परदेशी माणसाने धर्मप्रचार करणं कायद्याने बंद आहे. जाणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावं.

शिनजियांगमधल्या उइगर मुस्लिमांचा प्रश्नही झाकून ठेवता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात तिथल्या अत्याचारांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणता येऊ शकेल असं म्हटलं. चीनने ते नाकारलं. अशा सरकारचे पैसे घ्यावेत का, असं काही तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी आणि उलमांशी बोलून शोधावं. इल्मसाठी चीनपर्यंत जा, हे वाक्य आपण जलशांत ऐकतो. मुहद्दिसांनी त्याची सनद कमजोर ठरवली आहे. पण इल्म मिळवणं हे फर्ज आहे यात कोणाला शंका नाही. डोळे उघडे ठेवून शिकणं आणि डोळे मिटून समर्थन करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरचे दरवाजे बंद होतात तेव्हा

आपली मुलं आज चीनकडे का बघतात, हेही विचारायला हवं. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याजसवलत देणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. त्याच सुमारास संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे, पण त्याची माहिती किती घरांपर्यंत पोहोचते? ही पोकळी एजंट भरतो. त्याच्याकडे मेसेज असतो, आपल्याकडे माहिती नसते.

मशिदीच्या कमिट्यांनी, तालीमी संस्थांनी वर्षातून एक रविवार एवढं काम करावं: कागदपत्रं तपासून द्यायची, फॉर्म भरून दाखवायचा, परदेशात शिकून आलेल्या आपल्याच मुलामुलींना बोलवायचं. यासाठी मोठा फंड लागत नाही.

मारुंजीच्या त्या घरात शेवटी टोकन भरलं गेलं नाही. धाकटा नीटची तयारी इथेच करणार आहे. निघताना मी अब्बांना विचारलं, "हा मेसेज मुलासाठी आला, पण मुलीचं काय? गुण तिचे चांगले, वय बसतं, विषय बसतो. या शिष्यवृत्तीला घरात खरी पात्र तीच आहे." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिच्याबद्दल आम्ही विचारच केला नव्हता."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. विचारत होती, "चाचा, शिफारसपत्रावर प्राध्यापकांची सही पुरते, की कॉलेजचा शिक्काही लागतो?"