फांद्या वाळवू नका!

मंडळी, मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना एक वाईट खोड लागलीय. कुणी नवं काम घेतलं की सांगायचं, "वेगळी ब्रांच काढ, सगळं झालं की मर्ज करू." ते 'सगळं' सहा-सहा महिने होत नाही! तोवर मुख्य ब्रांच पुढे गेलेली, कॉन्फ्लिक्ट्सचा ढीग, आणि ज्या पोराने रविवार घालवून कोड लिहिला तो कंटाळून गायब. दोष कुणाचा? माझ्या मते, रिपॉझिटरी सांभाळणाऱ्याचा.

टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स कर्नेलसाठी, असंख्य लोकांचे बदल पटापट एकत्र करता यावेत म्हणून. कर्नेलमध्ये नवं काम घ्यायची खिडकी २ आठवडे उघडी असते. मग फक्त दुरुस्त्या, आणि साधारण ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती. तारीख ठरलेली, त्यामुळे कुणी लटकत नाही.

"अर्धवट काम आत कसं घ्यायचं?" अहो, तुकडे करून घ्या, आणि पुरं होईस्तोवर सेटिंगमधून बंद ठेवा!

आमच्या रत्नागिरीत कोयकलम बांधतात तेव्हा रोप जेमतेम दोन आठवड्यांचं, कोवळं असतं आणि काडी ताजी. वाळलेली काडी कुणी बांधत नाही. तेव्हा आठवड्याभरात तपासा, घ्या, नाहीतर सरळ नाही म्हणा. बघा पटतंय का.