छातीवरचा ताईत

आमच्या रुग्णालयात दोन देव होते. दारातला गणपती आणि किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बिल्ला. गणपतीला रोज हार मिळायचा. बिल्ला उदबत्तीपुरता आठवायचा, म्हणजे तपासणीची तारीख जवळ आली की.

मी एक्स-रे विभागात 11 वर्षं काढली. घशाशी आलं की वरिष्ठांकडे जायचो. उत्तर ठरलेलं: ‘बिल्ला दिलाय ना? मग भीती कसली?’ अहो महाशय, काखेत थर्मामीटर खोचल्याने ताप उतरतो का? त्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. प्रयोगशाळेत तापवल्या की त्या चमकतात आणि किती किरण खाल्ले ते सांगतात. सांगतात, तेही तीन महिन्यांनी. अडवत काहीच नाहीत. अडवतं ते शिसं, आणि आमचे शिशाचे एप्रन घड्या घालघालून पापडासारखे तडकलेले.

एकदा मी गणपतीला गावी गेलो आणि बिल्ला एप्रनला तसाच राहिला, एप्रन खोलीतल्या खिळ्याला. तीन महिन्यांनी नोटीस हजर: डोस जास्त आला, खुलासा करा. मी लिहिलं, ‘मी कोकणात मोदक खात होतो, ड्यूटी बिल्ल्याने केली.’ साहेबांना विनोद कळला नाही. तसा त्यांना बिल्लाही कळला नव्हता.

उलट चमत्कार कॅथ लॅबमध्ये. दिवसभर अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांचा डोस: शून्य! कारण? बिल्ला ड्रॉवरमध्ये समाधिस्थ. डोस वाढला तर चौकशी होईल, चौकशी झाली तर काम थांबेल. त्यापेक्षा मोजूच नये. वजन वाढलं की काटा माळ्यावर टाकणाऱ्यांचीच ही जात.

बिल्ला गप्प असला तरी रक्त बोलेल, असं वाटेल; म्हणून आता प्रतिकारशक्तीकडे वळू. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी आपल्या शरीराचे पहारेकरी, आणि किरणांपुढे सगळ्यात आधी गारद होणाऱ्यांतल्या. म्हणून वर्षातून एकदा रक्त काढतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की व्यवस्थापन कृतकृत्य. पण साध्या मोजणीत या पेशी घटलेल्या दिसायला साधारण 500 मिलिसिव्हर्टच्या घरातला डोस, तोही एका दमात, लागतो. आपल्याकडे कर्मचाऱ्याला मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 ची, आणि कुठल्याही एका वर्षात 30 ची. थोडक्यात, ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुमच्यावर बॉम्ब पडलेला नाही. अभिनंदन!

थेंबाथेंबाने वर्षानुवर्षं किरण खाल्ले तर प्रतिकारशक्तीचं काय होतं? काही अभ्यासांना पेशींच्या प्रकारांत फरक दिसतो, काहींना दिसत नाही. यावर दोन्ही बाजूंचे पंडित सुटलेले. एक म्हणतो, एक्स-रेच्या दारावरून गेलात तरी रक्त आटतं, रोज गूळ खा. (गुळाने शिशाचं काम केलं असतं, तर आम्ही भिंतींना गूळच फासला असता.) दुसरा म्हणतो, पुरावा नाही, सबब धोका नाही. या दुसऱ्याला माझा एकच प्रश्न: पुरावा येणार कुठून? रक्तातला फरक ताडून पाहायचा तो डोसच्या आकड्याशी. आणि आकडा कुठे आहे? ड्रॉवरमध्ये, शून्य होऊन, पेनाच्या टोपणाशेजारी. आधी तुम्हीच मोजमापाची माती करायची आणि मग मोजमापात काही सापडत नाही म्हणून निर्धास्त व्हायचं. याला तर्कशास्त्रात काहीतरी भारदस्त नाव असेल. आमच्याकडे त्याला ‘ऑडिट पास’ म्हणतात.

आणि विभागातल्या मदतनीस मावशी? रडणारं पोर टेबलावर स्थिर धरायला हाक मारतात ती मावशींना. खरं तर हे काम एप्रन घालून पोराच्या नातेवाइकाने करायचं, रोज त्याच कर्मचाऱ्याने नाही. पण नातेवाइकाला समजावत बसायला वेळ कुणाला? मावशी येतात, पदर खोचतात, पोराचे हात धरतात. शूट. पुढचं पोर. शूट. मी एकदा साहेबांना म्हटलं, यांनाही बिल्ला द्या. ते म्हणाले, ‘त्या कुठे रेडिएशन वर्कर आहेत?’

मी नोकरी सोडली तेव्हा मावशींची 19 वर्षं झाली होती. त्यांचा डोस शून्यसुद्धा लिहिलेला नाही. नोंदवहीत त्यांच्या नावाची ओळच नाही.